आंबाडुंगरचा फ्लोराइट: साठा आणि माल यांतले अंतर

प्रश्न थोडक्यात असा आहे: गुजरातमधील छोटा उदेपूर जिल्ह्यात आंबाडुंगर येथे फ्लोराइटचा, म्हणजे कॅल्शियम फ्लोराइड या खनिजाचा, देशातील सर्वांत मोठा साठा आहे, जवळच कडीपाणीला तो शुद्ध करण्याचा कारखानाही उभारला गेला, तरीही आपले रसायन उद्योग फ्लोरस्पार (फ्लोराइटचे बाजारातले नाव) परदेशातून का मागवतात, आणि मुळात हा साठा त्या एका टेकडीभोवतीच का तयार झाला? विचारणाऱ्यांनी तिथून आणलेला एक जांभळा खडा जवळ असल्याचे सांगून तो फ्लोराइटच कशावरून मानावा, असेही विचारले आहे. पहिल्या दोन प्रश्नांचे उत्तर मी वेगवेगळे देणार नाही, कारण ज्या गरम पाण्याने तिथे फ्लोराइट आणून बसवला त्याच पाण्याने तो शेजारच्या खनिजांपासून सोडवणेही अवघड करून ठेवले आहे.

आधी आकाराचा अंदाज घेऊ. आंबाडुंगरचा साठा बहुतेक ठिकाणी 1 कोटी 16 लाख टन आणि सरासरी ग्रेड, म्हणजे खडकातील कॅल्शियम फ्लोराइडचे प्रमाण, 30 टक्के असा दिला जातो. हा आकडा ऐकायला मोठा वाटतो, परंतु तो खडकाचा आहे; त्यातील निव्वळ कॅल्शियम फ्लोराइड सुमारे 35 लाख टनच भरते. अलीकडच्या वर्षांत जगात वर्षाला 80 लाख टनांहून अधिक फ्लोरस्पार निघतो. म्हणजे आंबाडुंगरचा एकूण एक कण हाती लागला असता तरी जगाची निम्म्या वर्षाचीही गरज भागली नसती. भारताच्या फ्लोराइट साठ्याचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग गुजरातमध्ये आणि गुजरातचा साठा मुख्यतः या एका टेकडीत आहे, यातून आंबाडुंगर किती मोठा आहे यापेक्षा बाकीचे साठे किती लहान आहेत हेच अधिक दिसते. छत्तीसगडमधील चांदीडोंगरी, राजस्थानात डुंगरपूरजवळचे मांडो की पाल, आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातील डोंगरगाव या जागा अभ्यासाच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत, पण त्यांच्या जोरावर मोठा कारखाना चालवता येणार नाही.

आता टेकडीकडे वळू. आंबाडुंगर नर्मदेच्या उत्तरेस, मध्य प्रदेशच्या सीमेला लागून, राठवा आदिवासींच्या मुलखात आहे. नर्मदेच्या बाजूने पूर्व-पश्चिम पसरलेला भूकवचाचा जुना दुबळा पट्टा खालून जातो आणि तिथल्या साऱ्या अग्निजन्य हालचालींचे मूळ त्यात आहे. तळाशी अतिप्राचीन पट्टिताश्म, त्यावर क्रिटेशस काळातील वालुकाश्म आणि चुनखडक, ज्यांना धार जिल्ह्यातील बाघ गावावरून बाघ थर म्हणतात, आणि त्यावर दख्खनचा बेसॉल्ट असा तिथला सर्वसाधारण क्रम आहे. या थरांना खालून भेदत सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, म्हणजे दख्खनच्या लाव्हाचा मुख्य भर ओसरत असतानाच, एक निराळ्याच जातीचा मॅग्मा वर आला. त्याने वालुकाश्म घुमटासारखा उचलला आणि सुमारे दीड किलोमीटर व्यासाची, हातातल्या कड्यासारखी वर्तुळाकार भित्ती, म्हणजे भेगेत शिरून थिजलेल्या मॅग्म्याची भिंत, तयार केली. या कड्याच्या आत खचलेला बेसॉल्ट आहे, कड्याच्या आतल्या बाजूला फुटक्यातुटक्या तुकड्यांचा कोणाश्म आहे, बाहेरच्या बाजूला भरड कॅल्साइटचा खडक आहे आणि सभोवती बाहेर कलणारे वालुकाश्माचे थर आहेत. उंच जागेवरून पाहिल्यास ही रचना ताटात उपडी ठेवलेल्या आणि मधोमध बसलेल्या वाटीसारखी दिसते. नकाशावर मात्र ती इतकी नीटस उतरते की विद्यार्थ्यांना ती आकृती खोटी वाटते.

या भित्तीचा खडक म्हणजे कार्बोनॅटाइट. नेहमीचा लाव्हा सिलिकेटांचा असतो. कार्बोनॅटाइट मात्र मुख्यतः कॅल्साइटसारख्या कार्बोनेटांचा बनलेला अग्निजन्य खडक आहे. आम्ल टाकले की तो चुनखडकासारखाच फसफसतो, त्यामुळे बाघ चुनखडकाच्या प्रदेशात त्याचे वेगळेपण नजरेतून सुटणे अगदी सोपे होते. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील आर. एन. सुखेसवाला यांनी जी. आर. उदास यांच्यासह 1963 मध्ये हा खडक कार्बोनॅटाइट म्हणून ओळखला. भारतात असा खडक ओळखला जाण्याची ती पहिलीच वेळ होती. त्यांच्या टिपणाच्या शीर्षकातच या खडकाच्या आर्थिक शक्यतांचा उल्लेख होता, ही गोष्ट मला नेहमी महत्त्वाची वाटत आली आहे, कारण शोध लागला तेव्हापासून या जागेकडे केवळ कुतूहलाने कोणी पाहिले नाही.

कार्बोनॅटाइटच्या मॅग्म्यात फ्लोरिन, फॉस्फरस, नायोबियम, बेरियम आणि विरल मृदा धातू भरपूर असतात, कारण नेहमीच्या खनिजांच्या स्फटिकांत त्यांना जागा मिळत नाही आणि ते शेवटपर्यंत द्रवातच राहतात. मॅग्मा थिजत आला की हे सारे पाण्याबरोबर बाहेर पडते. आंबाडुंगरला त्या द्रवांनी आधी शेजारच्या वालुकाश्मावर हल्ला केला. पोटॅशियम आणि ॲल्युमिनियम आत शिरले आणि सिलिका बाहेर गेली, आणि जवळजवळ शुद्ध क्वार्ट्‌झचा वालुकाश्म पोटॅश फेल्डस्पारचा खडक होऊन बसला. अशा बदललेल्या खडकाला फेनाइट म्हणतात आणि 1972 मध्ये त्याचे जे तपशीलवार वर्णन प्रसिद्ध झाले त्यामुळे ही जागा जगभरच्या अभ्यासकांना माहीत झाली. शुद्ध वालुकाश्मात 90 टक्क्यांहून अधिक सिलिका असते, पोटॅश फेल्डस्पारमध्ये ती सुमारे 65 टक्के असते. मधल्या फरकाची सिलिका कुठे गेली, हा प्रश्न वाचकाने मनात ठेवावा.

फ्लोराइट त्यानंतर आला. कार्बोनॅटाइट आणि फेनाइट यांच्या सीमेवर, कड्याच्या बाहेरच्या काठाने, तो शिरांच्या, पोकळ्यांतील अस्तराच्या आणि कॅल्साइटची जागा घेतलेल्या ढिगांच्या रूपाने आढळतो. त्याच्या स्फटिकांत अडकलेल्या सूक्ष्म द्रवबिंदूंचा अभ्यास झाला आहे आणि त्यावरून स्फटिक बनतानाचे तापमान साधारण 100 ते 150 अंश सेल्सिअस येते. क्षारांचे प्रमाणही कमीच निघते. याचा अर्थ असा की मॅग्म्याने दिलेले फ्लोरिन वरून झिरपलेल्या पावसाच्या पाण्यात मिसळले, थंड आणि पातळ झाले आणि कार्बोनॅटाइटच्या कॅल्शियमशी गाठ पडताच कॅल्शियम फ्लोराइड म्हणून खाली बसले. सीमेवरच ते का बसले, याचेही उत्तर यात आहे: एका बाजूला पाण्याला वाट देणारा तडकलेला कठीण खडक आणि दुसऱ्या बाजूला कॅल्शियम पुरवणारा विद्राव्य खडक अशी जोडी त्याच ठिकाणी होती.

इथे एक हिशेब करण्यासारखा आहे. कॅल्साइटचा एक मोल सुमारे 36.9 घन सेंटिमीटर जागा व्यापतो आणि फ्लोराइटचा एक मोल सुमारे 24.5. म्हणजे कॅल्शियमचा एक अणूही न गमावता कॅल्साइटचे फ्लोराइट झाले तरी खडकाचे आकारमान एक तृतीयांशाने घटते. ही घट पोकळ्यांच्या रूपाने खडकात राहते, त्या पोकळ्यांतून आणखी पाणी शिरते आणि प्रक्रिया स्वतःच स्वतःला वाट करून देते. आंबाडुंगरच्या खनिजात इतक्या पोकळ्या आणि त्यांत इतके देखणे घनाकृती स्फटिक का सापडतात याचे कारण मुख्यतः हे आहे.

पण त्याच पोकळ्यांनी पुढे घात केला. माझ्या टेबलावर तिथला एक मूठभर नमुना अनेक वर्षे आहे. एका बाजूला तपकिरी, लोहयुक्त कार्बोनॅटाइट दिसतो. त्याला चिकटून दोन-तीन मिलिमीटरचा गडद जांभळा पट्टा आहे, त्यावर फिकट मधाच्या रंगाचे नखाएवढे घन आहेत, आणि भिंग लावले की त्या घनांच्या प्रत्येक पृष्ठावर साखर भुरभुरल्यासारखे क्वार्ट्‌झचे बारीक कण दिसतात. एक घन फुटलेला आहे. त्याच्या आतल्या भेगेतही तीच पांढरी रेघ उतरलेली आहे. फेनाइट बनताना वालुकाश्मातून निघालेली सिलिका, निदान तिचा काही भाग, उशिरा थंड झालेल्या पाण्यातून अशी परत येऊन बसली असावी, असा माझा तर्क आहे. कारण काहीही असो, क्वार्ट्‌झ फ्लोराइटच्या शेजारी येऊन थांबलेला नाही, तो त्याच्या अंगात मुरला आहे.

खाणकामाचा इतिहास यानंतर कळणे सोपे जाते. आंबाडुंगरचे महत्त्व लक्षात आले त्याच वर्षी, 1963 मध्ये, गुजरात खनिज विकास महामंडळ स्थापन झाले आणि पुढे फ्लोरस्पार हा त्याच्या प्रकल्पांपैकी एक झाला. टेकडीच्या उतारावर पायऱ्या पाडत उघडी खाण चालवायची, सुरुंगाने फोडलेले खनिज गाड्यांनी कडीपाणीला न्यायचे आणि तिथे दिवसाला 500 टन क्षमतेच्या संयंत्रात ते दळून शुद्ध करायचे, अशी योजना होती. खोदण्यात फारसे अवघड काही नव्हते. खनिज वरच होते, खडक उभा राहणारा होता, पाणी उपसण्याचा त्रास खोल खाणीसारखा नव्हता. अडचण ग्रेडची होती, कारण सरासरी 30 टक्के याचा अर्थ कुठे 60 टक्के आणि कुठे 10 टक्के असाही असू शकतो. फ्लोराइट ठिसूळ असतो आणि चार दिशांनी सहज फुटतो, त्यामुळे वेधन करताना पोकळीजवळचा समृद्ध भाग पाण्याबरोबर वाहून जातो आणि कोअरच्या, म्हणजे वेधनातून निघालेल्या खडकाच्या कांड्यांच्या, पेटीत नेमका कठीण, निकृष्ट भाग शिल्लक राहतो. याच्या उलट, हाताने नमुने गोळा करणारा तरुण भूवैज्ञानिक नकळत जांभळे, चमकणारे तुकडे उचलतो. उमेदवारीच्या काळात एका लहान शिरेच्या बाबतीत मी स्वतः हा प्रकार केला होता. माझ्या पिशवीचा ग्रेड 55 टक्के आला आणि त्याच शिरेतून आडवे खाचे मारून काढलेल्या नमुन्यांचा 22. तेव्हापासून ग्रेडच्या कोणत्याही आकड्याबरोबर नमुना कसा घेतला हे मी आधी विचारतो.

खरी लढाई कडीपाणीला होती. फ्लोरस्पार मुख्यतः दोन प्रतींत विकला जातो. पोलाद कारखान्यांना धातूची मळी (स्लॅग) पातळ करण्यासाठी कमी शुद्धतेचा चालतो. फ्लोराइट हे नावही लॅटिनमधील वाहणे या अर्थाच्या धातूवरून आले ते याच गुणामुळे. रसायन उद्योगाला मात्र साधारण 97 टक्के शुद्धतेचा, ॲसिड ग्रेड म्हणून ओळखला जाणारा माल लागतो. त्यावर सल्फ्युरिक आम्लाची क्रिया करून हायड्रोफ्लोरिक आम्ल तयार होते आणि शीतक वायू, ॲल्युमिनियम फ्लोराइड, फ्लोरिनयुक्त प्लास्टिके, औषधांचे घटक, युरेनियमचे फ्लोराइड हे सारे पुढे त्यातूनच निघते. एक टन हायड्रोफ्लोरिक आम्लाला सव्वादोन टनांच्या आसपास ॲसिड ग्रेड फ्लोरस्पार लागतो. या मालात सिलिका फार काटेकोरपणे मोजली जाते, कारण राहिलेला सिलिकेचा प्रत्येक कण तयार झालेले आम्ल खाऊन टाकतो आणि त्याचे सिलिकॉन टेट्राफ्लोराइड होते. फॉस्फरस आणि गंधकही नको असतात.

तीस टक्क्यांवरून सत्त्याण्णव टक्क्यांवर जाण्याचा मार्ग म्हणजे फेस-तरण, ज्याला सगळे फ्लोटेशनच म्हणतात. खनिज बारीक दळायचे, पाण्यात कालवायचे, फ्लोराइटच्या कणांना चिकटेल असे मेदाम्ल टाकायचे, हवा सोडायची आणि बुडबुड्यांबरोबर वर आलेला फ्लोराइट फेसासह खरवडून घ्यायचा. क्वार्ट्‌झ खाली दाबण्यासाठी सोडियम सिलिकेट वापरतात आणि ते सहसा चांगले काम करते, पण त्यासाठी क्वार्ट्‌झचा कण फ्लोराइटपासून सुटा झालेला हवा. माझ्या नमुन्यातील त्या पांढऱ्या रेघेसारखे जे क्वार्ट्‌झ फ्लोराइटच्या अंगातच असते, ते सुटे करायला पिठासारखे दळावे लागते. फार बारीक दळले की सगळ्याचाच गाळ होतो, रसायने दुप्पट खर्च होतात आणि गाळ फेसाला चिकटून वर येतो. अपुरे दळले तर सिलिका मालात जाते.

कॅल्साइटची अडचण याहून नाजूक आहे. फ्लोराइट आणि कॅल्साइट या दोन्ही कॅल्शियमच्या खनिजांच्या पृष्ठभागावर तेच कॅल्शियम उघडे असते, त्यामुळे मेदाम्ल दोघांनाही सारख्याच ओढीने चिकटते. टॅनिन किंवा स्टार्चसारखी द्रव्ये टाकून कॅल्साइट दाबता येतो, पण पाण्याची दुष्फेनता, तापमान आणि मिश्रणाची आम्लता यांत थोडा फरक पडला तरी तोल जातो. कार्बोनॅटाइटमध्ये ॲपेटाइट हे फॉस्फेट खनिजही असते आणि तेही कॅल्शियमचेच, म्हणजे फॉस्फरसही याच वाटेने मालात शिरू पाहतो. ग्रॅनाइटमधील शिरांत फ्लोराइटबरोबर बहुधा नुसता क्वार्ट्‌झ असतो, तिथे निदान शत्रू एकच असतो. आंबाडुंगरला एका बाजूने वालुकाश्माचा क्वार्ट्‌झ आणि दुसऱ्या बाजूने कार्बोनॅटाइटचे कॅल्साइट व ॲपेटाइट आहे. ज्या सीमेमुळे साठा झाला त्या सीमेच्या दोन्ही बाजू संयंत्रात उतरतात. नामिबियातील ओकोरुसू येथेही कार्बोनॅटाइटशी निगडित फ्लोराइटची खाण अनेक वर्षे चालली, म्हणून अशा साठ्यातून माल काढता येतच नाही असे मुळीच नाही. मात्र तो काढायला सतत प्रयोगशाळा, सतत मिश्रण आणि सतत पैसा लागतो.

खर्चाचा एक साधा हिशेब मांडतो. खनिजात 30 टक्के कॅल्शियम फ्लोराइड आहे आणि संयंत्राने त्यातील 75 टक्के परत मिळवले असे धरले, तर 97 टक्के शुद्धतेचा एक टन माल काढायला सुमारे 4.3 टन खनिज दळावे लागते आणि त्यातले 3.3 टन गाळ म्हणून साठवावे लागते. पंच्याहत्तर टक्के हे मी गृहीत धरले आहे. कठीण दिवशी ते साठवर येते आणि मग हाच आकडा 5.4 टनांवर जातो. याच वेळी चीन, दक्षिण आफ्रिका, मेक्सिको येथून तयार ॲसिड ग्रेड बंदरात उतरत असतो. चीन एकटा जगाच्या निम्म्याहून अधिक उत्पादन करतो, त्यामुळे भाव तिकडे ठरतो आणि कडीपाणीसारख्या दिवसाला 500 टनांच्या संयंत्राला तो निमूट स्वीकारावा लागतो. शिवाय ॲल्युमिनियम फ्लोराइड बनवणाऱ्यांना खतकारखान्यांतून उपउत्पादन म्हणून मिळणारे फ्लुओसिलिसिक आम्ल हा आणखी एक पर्याय असतो, कारण फॉस्फेट खडकातही 3-4 टक्के फ्लोरिन असते. महामंडळाचे लक्षही कालांतराने लिग्नाइट कोळशाकडे अधिक गेले, आणि व्यवसाय म्हणून ते समजण्यासारखे आहे. पुढे महामंडळ, गुजरात फ्लोरोकेमिकल्स आणि नवीन फ्लोरिन यांनी मिळून फ्लोरस्पार शुद्धीकरणासाठी संयुक्त कंपनीही काढली. म्हणजे माल वापरणाऱ्यांनाच खाणीत भागीदार करून घेण्याचा विचार झाला आणि तो विचार योग्य होता, असे मला वाटते.

आता आंबाडुंगरचे नाव पुन्हा ऐकू येते ते विरल मृदा धातूंसाठी. बास्टनेसाइट आणि त्याच्या जातीची खनिजे तिथल्या उशिरा बनलेल्या कार्बोनॅटाइटमध्ये आहेत आणि अणुखनिज संचालनालयाने त्या दृष्टीने शोधकाम केले आहे. मला त्यात एक गोष्ट तपासण्याजोगी वाटते: इतकी वर्षे साठलेल्या जुन्या गाळात न सुटलेला फ्लोराइट आणि विरल मृदा धातू किती आहेत, हे नव्या खड्ड्याआधी मोजावे, कारण दळण्याचा खर्च तिथे आधीच झालेला आहे. त्याच गाळातून आणि मूळ खडकातूनही फ्लोराइड भूजलात उतरू शकते. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाने लिटरला 1 मिलिग्रॅम ही इष्ट आणि 1.5 मिलिग्रॅम ही कमाल मर्यादा ठेवली आहे, आणि अशा खडकांच्या प्रदेशात ती खाण नसतानाही ओलांडली जाऊ शकते. म्हणून खोदकामाच्या आधी भोवतालच्या विहिरींचे आकडे नोंदलेले असावेत. नंतर ते कुणावरच शाबीत करता येत नाहीत.

राहिला तुमचा खडा. चाकूच्या टोकाने तो ओरखडला गेला तर तो जांभळा क्वार्ट्‌झ नाही. क्वार्ट्‌झ उलट काचेवर ओरखडा काढतो. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकल्यावर फसफसला नाही तर तो कॅल्साइट नाही. फुटलेल्या कोपऱ्यावर तिरकी, सपाट, आरशासारखी त्रिकोणी पृष्ठे दिसली आणि हातात तो आकाराच्या मानाने जड वाटला तर फ्लोराइट धरून चालायला हरकत नाही. सल्फ्युरिक आम्लाची परीक्षा घरी कधीही करू नये, त्यातून निघणारा वायू फुफ्फुसे आणि हाडे दोन्हींना घातक असतो. रंगाचा संबंध शुद्धतेशी जोडू नये. तो बहुतांशी स्फटिकातील दोषांमुळे येतो आणि तापवल्यास उडतोही. नाशिकहून सिन्नरकडे जाताना लागणाऱ्या मोहदरीच्या बेसॉल्टमध्ये मधाच्या रंगाचे फ्लोराइटचे गोळे सापडतात, त्यांना संग्राहक भरपूर पैसे मोजतात, आणि तरी तिथे साठा म्हणावा असे काही नाही. तुमच्या खड्याला एका बाजूने तपकिरी फसफसणारा खडक चिकटलेला आहे की गुलाबीसर, न फसफसणारा, ते मात्र पाहून चिठ्ठीवर लिहून ठेवा. पहिला असेल तर तो कार्बोनॅटाइटच्या बाजूचा आहे, दुसरा असेल तर फेनाइटच्या, आणि ती चिठ्ठी हरवली की खडा केवळ शोभेचा उरतो.